काचेतला समुद्र आणि शेवाळाचे शुक्लकाष्ठ
प्रतिनिधी

घरात मासे पाळण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. गप्पी, गोल्डफिश, एंजल यांच्या काचेच्या पेट्या चाळीतल्या खोल्यांपासून दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांपर्यंत वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. समुद्री माशांचे रंग मात्र फार काळ काचेआड, दूरच राहिले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि ते रंग पाहण्यासाठी पिढ्यांनी रांगा लावल्या. तयार समुद्री मीठ, प्रोटीन स्किमर आणि एलईडी दिवे बाजारात सहज मिळू लागल्यावर हा समुद्र थेट दिवाणखान्यात आणता येऊ लागला.

परंतु खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याची खरी परीक्षा मासे आणल्यावर नव्हे, तर त्याआधीच सुरू होते. पाणी भरून दोन-तीन आठवडे उलटतात आणि पांढऱ्याशुभ्र वाळूवर तपकिरी थर पसरू लागतो. पाठोपाठ खडकांवर हिरवे केस उगवतात, कोपऱ्यात लालसर बुळबुळीत पापुद्रा दिसतो. हजारो रुपये खर्चून मांडलेली टाकी गटारासारखी दिसू लागते. घरच्यांचे टोमणे सुरू होतात. दुकानदार एखादी बाटली हाती देतो. ती ओतल्यावर चार दिवस बरे दिसते आणि पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. अनेक हौशी मंडळी याच टप्प्यावर टाकी विकून मोकळी होतात.

वास्तविक यातले बरेचसे शेवाळ हा रोग नसून लक्षण असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सारखी दिसणारी दोन शेवाळे अगदी उलट कारणांनी वाढू शकतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो. म्हणून औषधाच्या बाटलीपूर्वी हाती घ्यायचे ते भिंग.

नव्या टाकीतच शेवाळ का?

समुद्रातील प्रवाळखडकाची प्रत्येक बोटभर जागा कोणीतरी व्यापलेली असते. जीवाणू, स्पंज, गुलाबी चुनखडी शेवाळ, प्रवाळ आणि शेवाळ खरवडून खाणारे असंख्य जीव तिथे दाटीवाटीने राहतात. नव्या टाकीतील खडक आणि वाळू मात्र मोकळ्या भूखंडासारखी असते. भरपूर प्रकाश, विरघळलेले पोषक क्षार आणि प्रतिस्पर्धी कोणीच नाही! अशा ठिकाणी सर्वांत झपाट्याने वाढणारा जीव आधी शिरकाव करतो.

त्याच सुमारास टाकीत नायट्रोजनचे चक्र बसत असते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट बनवतो. या जीवाणूंची वसाहत उभी राहण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना घातक असतात, त्यामुळे त्यांची नोंद शून्य येईपर्यंत मासे सोडू नयेत. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असले, तरी ते शेवाळाचे अन्न आहे. खाद्यातून येणारे फॉस्फेट हे दुसरे अन्न. प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट ही तिकडी जमली, की शेवाळाला वेगळे आमंत्रण लागत नाही.

या काळात काही प्रमाणात शेवाळ येणे स्वाभाविकच आहे. मात्र पाहुणा कोण, हे ओळखता आले पाहिजे.

तपकिरी धूळ : डायटम

सर्वांत आधी हजेरी लावतात ते डायटम. मराठी विज्ञानलेखनात यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि हे नाव अगदी समर्पक आहे. या एकपेशीय जीवाचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याचे असते आणि झाकणाच्या डबीसारखे दोन भागांत बसते. हे कवच बांधण्यासाठी त्याला पाण्यातील सिलिकेट लागते. ते नव्या वाळूतून, खडकातून आणि नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातून मिळते.

ओळख सोपी आहे. वाळूवर आणि काचेवर सोनेरी-तपकिरी धुळीसारखा थर बसतो. बोट फिरवले की तो लगेच निघतो. त्यात लोंबणारे तंतू नसतात आणि रात्री तो नाहीसा होत नाही. उपाय त्याहून सोपा, तो म्हणजे धीर. टाकीतील सिलिकेट संपले, की दोन ते चार आठवड्यांत बहुधा हा थर आपोआप ओसरतो. काच पुसावी, वाळूचा वरचा थर हलकेच हलवावा आणि पाण्याच्या शुद्धतेकडे लक्ष द्यावे. महिना-दोन महिने उलटूनही तपकिरी थर हटत नसेल, तर भरलेल्या पाण्यातूनच सिलिकेट येत असल्याचा संशय घ्यावा.

लाल पापुद्रा : नीलहरित शैवाल

दुसरा पाहुणा नावाने शैवाल असला, तरी प्रत्यक्षात जीवाणू आहे. सायनोबॅक्टेरिया किंवा नीलहरित शैवाल हे पृथ्वीवरील अतिप्राचीन जीवांपैकी एक आहे. आपल्या वातावरणातील प्राणवायूची सुरुवातीची पुंजी याच गटाने जमवली. मत्स्यालयात मात्र त्याच्याविषयी कृतज्ञता वाटणे कठीण. नाव नीलहरित असले, तरी खाऱ्या टाकीत तो बहुधा किरमिजी किंवा जांभळट लाल दिसतो, कारण त्याच्या काही प्रकारांत लाल रंगद्रव्य असते.

त्याची खूण म्हणजे सलग, बुळबुळीत पापुद्रा. दुधावरची साय बोटाने उचलावी, तसा तो अख्खा उचलता येतो. दिवसा त्यावर बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात आणि अनेकदा त्याला उग्र दर्प असतो. पाण्याचा प्रवाह पोहोचत नाही आणि गाळ साचतो, तिथे त्याचा मुक्काम असतो. म्हणून आधी सायफनच्या नळीने पापुद्रा ओढून बाहेर काढावा, मग वेव्हमेकरची दिशा बदलून त्या कोपऱ्यात प्रवाह न्यावा आणि खडकांमागचा गाळ उपसावा.

हा जीवाणू असल्याने त्यावर प्रतिजैविके चालतात, अशी कुजबुज हौशी वर्तुळात नेहमी ऐकू येते. एरिथ्रोमायसिनसारख्या औषधाने पापुद्रा मरतोही. परंतु टाकीतील उपयुक्त जीवाणूंना त्याचा फटका बसू शकतो. एकदम मेलेला पापुद्रा कुजताना पाण्यातील प्राणवायू घटवतो. शिवाय माणसांसाठीची औषधे मनमानी वापरून निर्ढावलेले जीवाणू वाढवणे, हे घराबाहेरच्या जगालाही परवडणारे नाही.

फसवा तपकिरी : डायनोफ्लॅजेलेट

सर्वाधिक घात होतो तो येथे. डायनोफ्लॅजेलेट हे चाबकासारख्या दोन तंतूंनी पोहणारे एकपेशीय जीव आहेत. नोव्हेंबर २०२०मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर आणि कोकणात देवगड परिसरात रात्री निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या लाटांची छायाचित्रे सर्वत्र झळकली होती. अशा लाटांमागे असणारा नॉक्टिल्युका हा जीव याच कुळातला. टाकीत त्रास देणारे त्याचे भाऊबंद मात्र इतके देखणे नसतात.

वरवर पाहता हा थर डायटमसारखाच तपकिरी दिसतो. फरक असा, की तो शेंबडासारखा चिकट असतो. त्याचे तंतू प्रवाहात लोंबतात आणि टोकांना बुडबुडे असतात. दिवे लागल्यावर तो वाढत जातो, दुपारी भरात असतो आणि रात्री बराचसा विरतो. सकाळी वाळू स्वच्छ दिसली म्हणून आनंद व्हावा, तर संध्याकाळी पुन्हा तेच. शंख अचानक निपचित पडू लागले, तर संशय अधिक बळावतो, कारण याचे काही प्रकार विषारी असतात.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. थोडा थर टाकीच्या पाण्यासह झाकणाच्या बाटलीत घ्यावा आणि जोरात हलवून गुठळ्या मोडाव्यात. हे पाणी टिश्यू पेपरमधून गाळावे आणि खाली आलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा तपकिरी तंतू जमून आले, तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता दाट आहे. खात्रीसाठी शाळा-महाविद्यालयातील साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो.

आता मुख्य मुद्दा. इतर शेवाळे पोषक क्षार जास्त झाल्याने वाढतात. हा जीव अनेकदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकले, की उसळी घेतो. कारण त्या उपासमारीत त्याचे प्रतिस्पर्धी तग धरत नाहीत. म्हणजे तपकिरी थर पाहून घाबरलेला हौशी माणूस खाद्य बंद करतो, फॉस्फेट शोषणारी औषधे घालतो, वारंवार पाणी बदलतो आणि नेमके शत्रूलाच रान मोकळे करून देतो. येथे उपाय उलटा आहे. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम इतके टिकवावे, शोषक औषधे थांबवावीत, पाणी बदलण्याचा सपाटा आवरावा, थर सायफनने काढावा आणि विषासाठी सक्रिय कोळसा वापरावा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या प्रकारांवर अतिनील किरणांचा दिवा उपयोगी पडतो. वाळूतच राहणाऱ्या प्रकारांवर त्याचा प्रभाव पडत नाही. सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व आहे ते यासाठीच.

हिरवे केस आणि हिरवे मणी

चक्र पूर्ण झाल्यावर येते ते हिरवे केसाळ शेवाळ. ते खडकांवर, पंपांवर, कधी शंखाच्या पाठीवरही उगवते. त्यामागे खाद्याचा अतिरेक, जास्त वेळ चालणारे दिवे आणि खरवडणाऱ्या जीवांचा अभाव ही कारणे असतात. येथे एक गफलत सर्रास होते. टेस्ट किटमध्ये नायट्रेट शून्य दाखवते, म्हणून पाणी उत्तम आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात ते नायट्रेट शेवाळाने आधीच गिळलेले असते. टाकीत हिरवे रान माजलेले असताना आलेला शून्य फसवा असतो.

उपायाची सुरुवात हातांनी करावी. खडक शक्य असल्यास टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत घेऊन शेवाळ उपटावे. जुन्या टूथब्रशने घासावे आणि ते पाणी फेकून द्यावे. शेवाळ टाकीतच तोडून सोडल्यास तुकडे दुसरीकडे रुजतात आणि शोषलेले क्षार पुन्हा पाण्यात उतरतात. केसांऐवजी पिसासारखी नाजूक पाने दिसली, तर ते ब्रायोप्सिस असते. ते अधिक चिवट असून सहसा कोणी खात नाही.

व्हॅलोनिया हे शेवाळ चकचकीत हिरव्या मण्यांसारखे असते. प्रत्येक मणी ही एकच पेशी असते, हे ऐकून नवल वाटेल. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या अतिमोठ्या पेशींमध्ये तिची गणना होते. हे मणी देखणे म्हणून ठेवू नयेत आणि टाकीत फोडूही नयेत. आतील द्रव्यातून नवे मणी तयार होऊ शकतात. मुळाशी हलकेच पिरगळून अख्खा मणी बाहेर काढावा.

खडकांवर गुलाबी-जांभळे, कडक ठिपके दिसू लागले, तर मात्र त्यांना हात लावू नये. ते चुनखडी शेवाळ होय. ते जागा व्यापते आणि उपद्रवी शेवाळाला पाय रोवू देत नाही. टाकी प्रौढ होत असल्याची ही शुभ खूण आहे.

दोष बहुधा पाण्यातच

आपल्याकडील हौशींची सर्वांत मोठी चूक पाणी भरतानाच होते. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी शुद्ध, असा सर्वसाधारण समज आहे. पिण्यासाठी ते ठीक. परंतु अनेक घरगुती यंत्रांत चव आणि खनिजे राखण्यासाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. त्यामुळे त्या पाण्याचा टीडीएस शून्याच्या जवळही जात नाही. मत्स्यालयासाठी आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा हवा आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्य यायला हवा.

हिशेब मांडला तर गांभीर्य ध्यानात येईल. २०० लिटरच्या टाकीतून दररोज ३ लिटर पाण्याची वाफ होते, असे समजू. महिन्याला ९० लिटर पाणी वरून घालावे लागते. त्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर महिन्यात ९०० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत शिरले. म्हणजे लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमची भर, तीही माशांना एक दाणाही न घालता! वाफ होताना मीठ मागे राहते, म्हणून ही भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करावी, हेही लक्षात ठेवावे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचे पाणी फुकट भरून आणण्याचा मोह होतो. मोठ्या शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, म्हणजे शेवाळाला आयते खतच. पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्याने त्याची क्षारताही घसरते. बाजारातील तयार समुद्री मीठ वापरून विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास ठेवणे श्रेयस्कर. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र बनत नाही.

दिव्यांचा आणि खाद्याचा संयम

टाकी खिडकीपाशी ठेवू नये. दिवे दिवसाला सहा ते आठ तास पुरेत आणि ते टायमरवर असावेत. नव्या टाकीत प्रवाळ नसतील, तर पांढरा प्रकाश कमीच ठेवावा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच खाद्य घालावे. गोठवलेले खाद्य चाळणीत धुऊन घ्यावे, म्हणजे त्याचे पोषक पाणी टाकीत उतरत नाही.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्याची सवय चांगली. पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. नायट्रेट २० असताना दहा टक्के पाणी बदलले, तर ते १८ होते, शून्य नव्हे. आवक तशीच राहिली, तर ही गळकी बादली कितीही उपसली तरी भरतच राहणार. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे उपयोगी आहेत. मात्र ते थोड्या मात्रेने सुरू करावेत आणि दर आठवड्याला मोजणी करावी. एकदम शून्यावर आणल्यास डायनोफ्लॅजेलेटला निमंत्रण मिळते.

उपद्रवी शेवाळ हटवण्यासाठी दुसरे शेवाळ वाढवण्याचीही एक पद्धत आहे. सम्प टाकीत स्वतंत्र दिव्याखाली कीटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंडाळ्यासारखे शेवाळ वाढवायचे आणि वेळोवेळी कापून फेकायचे. त्याच्यासोबत क्षारही टाकीबाहेर जातात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर शेवाळाच्या गालिच्याने पाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली.

समुद्राने दिलेला धडा

खरवडणारे जीव किती महत्त्वाचे असतात, हे समुद्रानेच दाखवून दिले आहे. १९८३-८४मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे सागरी साळू, म्हणजे डायडेमा, साथीच्या रोगाने जवळजवळ नामशेष झाले. जमैकात अतिमासेमारीने शेवाळखाऊ मासे आधीच घटले होते आणि १९८०च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. साळू गेल्यावर शेवाळाने खडक गिळले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ५० टक्क्यांहून अधिक असलेले जमैकातील प्रवाळाचे आच्छादन १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात पाच टक्क्यांच्या आत आले. काचेच्या टाकीतही नियम तोच. ट्रोकस आणि टर्बो हे शंख, साधू खेकडे हे टाकीचे सफाई कामगार होत. परंतु शेवाळ दिसू लागल्यावर आणि त्याच्या प्रमाणातच ते आणावेत. नव्या, उघड्या टाकीत एकदम वीस शंख सोडल्यास त्यांची उपासमार होते आणि मेलेला शंख पुन्हा अमोनियाच देतो. शेवाळखाऊ टँग मासा छोट्या टाकीत कोंबणे हा तर अत्याचारच होय. त्याला पोहण्यासाठी मोठी लांबी लागते.

सावधगिरी आणि कायदा

ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोफ्लॅजेलेटच्या उद्रेकामुळे २००५च्या उन्हाळ्यात इटलीतील जिनोआच्या किनाऱ्यावर सुमारे २०० जणांना ताप, खोकला आणि श्वासाच्या त्रासासाठी वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. घरच्या टाकीतही अनोळखी थर काढताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. शेवाळ मारण्यासाठी जिवंत खडक उकळण्याचा प्रयोग तर कदापि करू नये. त्यावरील काही जीवांचे विष वाफेतून पसरून जिवावर बेतू शकते.

नैसर्गिक खडकांबाबत कायद्याचेही भान हवे. २००१पासून कठीण कवचाचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून किंवा अन्य कोठूनही प्रवाळाचा तुकडा, तो मृत असला तरी, उचलून आणणे गुन्हा ठरतो. मानवनिर्मित सिरॅमिकचे खडक हा निर्वेध पर्याय आहे.

टाकीतून काढलेले शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकावे. ते खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात सोडू नये. भूमध्य समुद्रात १९८४मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ मत्स्यालयातील कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ छोट्याशा पट्ट्यात आढळले आणि पुढे हजारो हेक्टर सागरतळावर फोफावले. तेच शेवाळ २०००मध्ये कॅलिफोर्नियातील एका खाजणात सापडले. ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले आणि त्याचा नायनाट झाल्याचे जाहीर होण्यास २००६ उजाडले. बादलीभर निष्काळजीपणाची किंमत अशी मोजावी लागते.

खाऱ्या पाण्याच्या माशांपैकी बरेचसे आजही समुद्रातूनच पकडून आणले जातात. टाकी कोसळली, की कोणा एकाची हौस फसते आणि समुद्रातून उपटून आणलेले जीवही हकनाक मरतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत बाटल्यांपेक्षा वही अधिक उपयोगी पडते. नायट्रेट, फॉस्फेट, क्षारता, तापमान आणि थराचा रंग यांची आठवड्याला एकदा नोंद ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि पुढचे दोन आठवडे त्याचा परिणाम पाहावा. टाकी मुरायला लोणच्याइतकाच वेळ लागतो. बरणी रोज उघडून ढवळणाऱ्याचे लोणचे नासते, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको.